चौकट खात्याची, नाव गावाचं

टपालाच्या तिकिटांचं कौतुक खूप झालं. त्यांचे संग्रह आहेत, प्रदर्शनं आहेत, त्यांच्यावर पुस्तकं आहेत. त्या तिकिटावर पडणारा तारखेचा शिक्का मात्र मोजके संग्राहक सोडले तर कुणी नीट पाहत नाही. तिकीट बाद करणारा काळा डाग, एवढीच त्याची ओळख. मला या शिक्क्याचं रसग्रहण करायचं आहे, आणि तेही शिक्का मारणाऱ्या माणसाच्या बाजूने. घरून काम करणाऱ्या माणसाला आपल्या संस्थेशी बांधून ठेवायचं कसं, याची सध्या कंपन्यांमध्ये मोठी चिंता आहे. त्यासाठी रंग ठरतात, बोधचिन्हं नव्याने काढली जातात, घरपोच खोकी जातात. हाच प्रश्न टपालखात्यापुढे फार पूर्वी उभा राहिला होता, आणि त्याचं एक उत्तर लाकडी मुठीच्या या शिक्क्यात आहे असं मला वाटतं.

आधी तो माणूस कोण ते पाहू. देशात दीड लाखाहून अधिक डाकघरं आहेत आणि त्यांतली बहुतेक खेड्यांत आहेत. त्यांतही सव्वा लाखाहून अधिक निव्वळ शाखा डाकघरं, म्हणजे साखळीतली शेवटची कडी. तिथे बसणारा शाखा डाकपाल हा ‘ग्रामीण डाक सेवक’ असतो. रोजचं काम चार-पाच तासांचं. पोटापाण्याला दुसरा काही आधार असावा अशी खात्याची पहिल्यापासूनची धारणा, म्हणून कुणाची शेती असते, कुणाचं किराणा दुकान. आणि डाकघराची जागाही त्यानेच द्यायची. कुठे ग्रामपंचायतीची खोली मिळते, पण पुष्कळ गावांत डाकघर म्हणजे या पोस्टमास्तरांच्या घराची ओटी किंवा पडवी. एक टेबल, एक कुलपाची पेटी, भिंतीवर दरपत्रक, बाहेर लाल पेटी. सोबतीला टपाल वाटणारा एखादा सहकारी, कधी तोही नाही. अधूनमधून तपासणीला ओव्हरसियर येतो. बाकी खात्याचं तोंड दिसतं ते रोज येणाऱ्या डाकथैलीपुरतं.

घरून काम करणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? घरातलीच खोली, घरातल्यांचीच वर्दळ, वरिष्ठ लांब, सहकारी न दिसणारे. सकाळी दहाला त्याच ओटीवर खातं सुरू होतं आणि दुपारी ते संपून पुन्हा घर सुरू होतं. या अदलाबदलीची खूण म्हणून त्याच्याकडे जे काही आहे, त्यात सर्वांत जवळची वस्तू म्हणजे शिक्का.

शिक्का हातात घेतला की प्रथम उलटी अक्षरं दिसतात. शाखा डाकपाल आपल्या गावाचं नाव रोज उजवीकडून डावीकडे बघतो. भोवती वर्तुळ. एका कमानीत देवनागरीत गावाचं नाव, दुसऱ्या कमानीत रोमन लिपीत. पुष्कळदा जोडीला त्या शाखेच्या लेखा डाकघराचं, म्हणजे जिथे तिचा हिशेब जातो त्या डाकघराचं नाव. हे दुसरं नाव शोभेचं नाही. पिंपळगाव किंवा वडगाव नावाची गावं महाराष्ट्रात किती आहेत याची गणती नाही. नुसतं ‘पिंपळगाव’ छापलं तर ते कुठलंही होऊ शकतं. लेखा डाकघराच्या नावाने ते नेमकं एकच गाव होतं, आणि त्याच वेळी कुणाच्या तरी हाताखालचं होतं. आपण कोण आणि आपण कुणाला जोडलेलो, ही दोन्ही उत्तरं सुमारे इंचभर व्यासात बसवली आहेत. मधल्या पट्टीत तारीख.

अक्षरकलेच्या दृष्टीने हा शिक्का काही उत्तम नमुना नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. रोमन अक्षरं बऱ्याचदा कोंबलेली असतात, वेलांट्या आणि मात्रा कडेच्या रेघेला टेकतात, लांब नावाच्या गावांची तर फारच ओढाताण होते. एका घडणीचे शिक्के आणि दुसऱ्या घडणीचे शिक्के यांच्या अक्षरांचं वळण जुळत नाही. कुणा जाणकार मुद्राक्षरकाराकडून देवनागरीची एक चांगली मालिका या कामासाठी करून घेतली असती तर फार बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं. पण रचनेचा गाभा त्या अक्षरांच्या वळणात नाही. तो आहे चौकट आणि नाव यांच्या वाटणीत. वर्तुळ सगळ्या देशाचं, त्यातलं नाव एकट्या गावाचं. ही वाटणी ज्याने प्रथम केली त्याला माणसांना बांधून ठेवण्याचा विचार सुचलाही नसेल. त्याला पत्र कुठून निघालं एवढंच कळायला हवं होतं. ब्रिटिश टपालातून ती पद्धत आपल्याकडे आली आणि रुजली. तरीही तिच्यातून जे घडलं ते आजच्या रचनाकाराने बारकाईने पाहावं असं आहे.

मुंबईचं मुख्य डाकघर डोळ्यांसमोर आणा. जॉन बेग यांनी आराखडा केलेली ती १९१३ साली पुरी झालेली इमारत, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा तिचा घुमट, खालचं भव्य दालन. आणि दुसरीकडे गडचिरोलीतल्या एखाद्या गावातली पडवी. दोन्हीकडच्या इमारतींची तुलनाच होत नाही. कागदावर उमटणारं वर्तुळ मात्र जवळपास तेवढंच असतं. मोठ्या डाकघराला मोठा गोल आणि छोट्याला छोटा, अशी उतरंड तिथे नाही. मोठ्या ठिकाणी शिक्के अनेक आणि त्यांच्यावर वेळेच्या, संचाच्या जादा खुणा, एवढाच काय तो फरक. एकट्या बसलेल्या माणसाला ही बरोबरी रोज दिसत राहते, कारण मुंबईहून आलेलं पाकीट आणि त्याने मुंबईला पाठवायचं पाकीट एकाच टेबलावर शेजारी शेजारी पडलेली असतात.

आता तारखेकडे येऊ. शिक्क्यातला बाकी सगळा मजकूर कोरलेला, कायमचा. तारखेचे खिळे तेवढे सुटे. रोज सकाळी ते काढायचे, नवे बसवायचे, खाच साफ करायची, शाईच्या गादीवर शिक्का टेकवायचा आणि आधी वहीत किंवा कागदावर एक ठसा घेऊन पाहायचा. डाकघरांत या रोजच्या ठशांची वही ठेवायची रीत आहे. तारीख बरोबर बसली याची ती साक्ष. तारीख चुकली तर तो दोष धरला जातो, आणि तसाच धरला जायला हवा. अर्ज मुदतीत टाकला की नाही, नोटीस कधी निघाली, याचा वाद उभा राहिला की ती वर्तुळातली तारीख पुरावा म्हणून पाहिली जाते. गावातल्या पडवीत उमटलेला ठसा जिल्ह्याच्या न्यायालयात बोलतो.

मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते ती ही सकाळची अदलाबदल. सिंधुदुर्गातला मास्तर, भामरागडकडचा मास्तर, मुंबईच्या दालनातला कारकून, कुणी कुणाला ओळखत नाही. तरी रोज सकाळी सगळे एकच काम करत असतात: कालचा आकडा काढून आजचा बसवणं. सगळ्यांच्या वर्तुळात त्या दिवशी एकच तारीख असते, आणि प्रत्येकाच्या वर्तुळात गाव वेगळं असतं. संस्थेचं नाव कपावर छापून दिलं तर कप कपाटात राहू शकतो. हे चिन्ह कपाटात राहूच शकत नाही, कारण त्याच्याशिवाय त्या दिवसाचं काम सुरू होत नाही. ते पाहायचं चिन्ह नाही, हाताने करायचं आहे.

हाताचा विषय निघालाच आहे तर आवाजाचाही काढतो. एक टोला गादीवर, एक पाकिटावर. गादीवरचा मऊ, पाकिटावरचा कोरडा. सरावलेल्या हाताला लय सापडते आणि नवख्याचा ठसा अर्धवट उमटतो, सरकतो, दुहेरी पडतो. शाई जास्त झाली तर अक्षरांची पोटं भरून येतात, कमी झाली तर नाव फिकट. चौकट एकच असली तरी हात लपत नाही. ओळखीच्या शाखेचा ठसा लेखा डाकघरातला कारकून नाव वाचण्याआधीच ओळखतो. अमुक मास्तर नेहमी डावीकडे झुकवून मारतात, तमुक गावची शाई नेहमी सुकलेली. खात्याने हे ठरवून केलेलं नाही, पण ते पुसून टाकण्याचा अट्टहासही केलेला नाही.

मग शिक्का प्रवासाला निघतो, आणि इथे त्याचं दुसरं अंग दिसतं. पत्र जिथून निघालं तिथला ठसा दर्शनी बाजूला, तिकिटावर. ते जिथे पोचलं तिथला ठसा मागे, ही रीत आपल्याकडे दीर्घकाळ होती. मधे कुठे वाट बदलली तर तिथलाही. जुनं एखादं पाकीट उलटून पाहा. त्याच्या पाठीवर दोन-तीन वर्तुळं एकमेकांवर चढलेली असतात. दोन वेगवेगळ्या गावच्या, कधीही न भेटलेल्या माणसांचे हात तिथे एका कागदावर शेजारी आलेले असतात. एकाचं काम दुसऱ्याच्या ठशाशिवाय अपुरं, आणि हे दोघांनाही रोज दिसत असतं.

कोकणातल्या मनीऑर्डरींच्या काळात तर याला फार खोल अर्थ होता. १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डर हाती घेतली आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांतला पगार तिच्या वाटेने रत्नागिरी-मालवणकडच्या घरांत पोचू लागला. लालबाग-परळच्या डाकघरात फॉर्मवर एक शिक्का पडे. गावी मास्तर किंवा पोस्टमन पैसे मोजून देत, सही किंवा अंगठा घेत, आणि पावतीचा तुकडा गावचा शिक्का घेऊन मुंबईला परत येई. गिरणीतल्या माणसाच्या हातात मग आईच्या अंगठ्याशेजारी गावाचं नाव असे. त्या मास्तरने मुंबई कदाचित पाहिलीही नसेल. त्याच्या गावाचं नाव मात्र त्याच्या हाताने उमटून दर महिन्याला लालबागच्या चाळींत जात होतं. आपण लांब आहोत पण आपलं काम लांब नाही, हे कुठल्या परिपत्रकाने कधी असं पटवलं असतं?

टोकाच्या जागा पाहिल्या की रचनेचा कस लागतो. हिमाचलच्या स्पिती खोऱ्यात हिक्किमला सुमारे ४,४०० मीटर उंचीवर डाकघर आहे. तिथवर जाणारे प्रवासी पोस्टकार्ड लिहितात ते मुख्यतः त्या गावच्या ठशासाठी. आणि त्याहून लांबचं डाकघर तर आपल्या गोव्याशी बांधलेलं आहे. अंटार्क्टिकावरच्या दक्षिण गंगोत्री तळावर १९८४ साली भारतीय डाकघर सुरू झालं ते गोव्याच्या टपाल विभागाखाली, कारण मोहिमांची जहाजं गोव्याहून निघत. तो तळ बर्फात गाडला गेल्यावर डाकघर मैत्री तळावर हललं, आणि एप्रिल २०२४ मध्ये भारती तळावर आणखी एक शाखा उघडली. संग्राहकांची पाकिटं गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडे येतात, मोहिमेबरोबर दक्षिणेला जातात, तिथे ठसा घेतात आणि परत गोव्याला येऊन ज्याची त्याला रवाना होतात. मराठी माणसाने लक्षात ठेवावं असं हे आहे: महाराष्ट्र परिमंडळातली एक शाखा पेंग्विनांच्या शेजारी आहे आणि तिचाही शिक्का त्याच कुळातला आहे.

पिनकोडचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. त्याचे रचनाकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपालखात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांत त्यांनी देश मांडला: पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन वर्गवारीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन डाकघराचे. महाराष्ट्र आणि गोवा ४ मध्ये. गावांच्या नावांची सरमिसळ, लिप्या आणि भाषा यांतून वाट काढणारी ही रचना पत्र पोचवण्यासाठी बिनतोड आहे. पण शाखा डाकघराच्या माणसाला तिच्यात स्वतःची जागा नसते. एका वितरण डाकघराखालच्या अनेक शाखांना बहुधा एकच पिन असतो. आकड्याला ती शाखा दिसत नाही, शिक्क्याला दिसते. म्हणून पिनकोड आल्यावर शिक्क्यातलं नाव काढून टाकलं गेलं नाही, त्याच्या जोडीला पिन आला, हे मला मोलाचं वाटतं.

२००८ मध्ये खात्याने नवं बोधचिन्ह घेतलं. लाल पार्श्वभूमी, तिच्यावर पिवळे फटकारे, झेपावणाऱ्या पाकिटासारखा किंवा पंखासारखा आकार. त्याच वर्षी ‘प्रोजेक्ट ॲरो’ सुरू झाला आणि निवडक डाकघरांची दर्शनी बाजू, काउंटर, पाट्या एका धाटणीच्या झाल्या. चिन्ह गतिमान आहे, लांबून ओळखू येतं, बँका आणि कुरियरवाल्यांच्या गर्दीत उठून दिसतं. ओटीवरच्या शाखेला त्या लाल पाटीचा उपयोगही होतो. घराचं डाकघर झालं हे रस्त्यावरून कळतं. पण ते चिन्ह ग्राहकासाठी आहे. ते मास्तरला काही करायला सांगत नाही, त्याचं गाव त्याच्यात कुठे बसत नाही. चांगलं बोधचिन्ह आणि कामगाराला जवळ आणणारं चिन्ह या दोन वेगळ्या वस्तू असू शकतात, हे इथे एका खात्यातच शेजारी शेजारी पाहायला मिळतं. पुढे २०१७ पासून ‘दर्पण’ प्रकल्पात शाखा डाकघरांना हातात धरायचं यंत्र मिळालं. त्यातून निघणारी पावती हिशेबाला पक्की, वेगाला चांगली. पाकिटावरचा बारकोड यंत्राला सारं सांगतो, वाचणाऱ्या माणसाला मात्र काही सांगत नाही.

आता घरून काम करणाऱ्यांच्या त्या खोक्यांकडे पाहू. सांगलीत किंवा अमरावतीत बसून पुण्या-बंगळूरच्या कंपनीचं काम करणाऱ्या मुलामुलींकडे अशी खोकी येतात: टी-शर्ट, बाटली, वही, लॅपटॉपवर चिकटवायची चित्रं. देणाऱ्याच्या मनात आपुलकी असते, याविषयी मला शंका नाही. पण त्या सगळ्यावर एकच नाव असतं, कंपनीचं. अमरावती कुठेच नसते. घेणाऱ्याला त्या चिन्हाखाली जागा मिळते, चिन्हाच्या आत मिळत नाही. याउलट लंडनच्या भुयारी रेल्वेचं लाल कडं आणि निळी आडवी पट्टी पाहा, ती जगभर गाजली. तिचं श्रेय रेल्वेचे अधिकारी फ्रँक पिक आणि अक्षरकार एडवर्ड जॉन्स्टन यांना देतात ते योग्यच आहे. पण मला त्यात विशेष वाटतं ते हे, की फलाटावर त्या निळ्या पट्टीत रेल्वेचं नाव नसतं, स्थानकाचं असतं. प्रत्येक स्थानकाचे कर्मचारी त्या चिन्हाच्या मधोमध उभे असतात.

विखुरलेल्या माणसांच्या आजच्या जगातलं मला आवडलेलं उदाहरण वर्डप्रेस या संकेतस्थळं बांधायच्या प्रणालीच्या ‘वापू’चं. काझुको कानेउची या जपानी चित्रकर्तीने काढलेला, चेंडू कवटाळून बसलेला हा पिवळा गुबगुबीत प्राणी २०११ मध्ये आला. त्याचा परवाना मुक्त ठेवला आहे, कुणीही त्यात बदल करावा. मग वर्डप्रेसवर काम करणाऱ्या, एरवी फक्त पडद्यावर भेटणाऱ्या मंडळींचं संमेलन ज्या शहरात भरतं ते शहर आपला वापू काढतं: आपल्या गावची वस्तू, पोशाख, खाणं त्याच्या अंगाखांद्यावर घालतं. प्राणी सगळ्यांचा, सजावट गावाची. काम करणाऱ्याने स्वतः काढायचं, हेही त्यात आलं. टपालाच्या शिक्क्याचा आणि त्याचा काही संबंध नाही, पण वाटणी तीच आहे.

शिक्क्याचं इतकं गुणगान केल्यावर एक गोष्ट बोलायलाच हवी. ज्याच्या हातात हा शिक्का आहे त्याला खातं आपला पूर्ण नोकर मानत नाही. फार वर्षं त्याचं अधिकृत नावच ‘खातेबाह्य’ होतं. १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ही माणसं नागरी पदावर आहेत. पद मान्य झालं, पण नियमित नोकरांच्या श्रेणी आणि निवृत्तिवेतन यांच्या बाहेरच ती राहिली. मे २०१८ मध्ये ग्रामीण डाक सेवक देशभर संपावर गेले, दोन आठवड्यांहून अधिक काळ गावोगावची शाखा डाकघरं बंद राहिली, आणि जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांचे भत्ते वाढवले. कायम नोकरांच्या पंक्तीला बसवण्याची त्यांची मागणी आजही उभी आहे. ऊनपावसात थैली आणणाऱ्या, चुकलेल्या तारखेचा जाब देणाऱ्या, स्वतःच्या ओटीवर सरकार चालवणाऱ्या माणसाने ती करणं मला पूर्णपणे रास्त वाटतं. वर्तुळात गावाचं नाव कोरून खात्याने त्याला जो मान दिला, तोच मान पगारपत्रकातही मिळावा, एवढंच तो मागतो आहे.